अ‍ॅपवर ‘रूम अपग्रेड’, रिसेप्शनवर ‘सॉरी सर’: हॉटेलच्या लॉयल्टी प्रोग्रॅममध्ये नेमकं काय चालतं?

जून २०२५ मध्ये सोलापूरहून गोव्याला थेट विमान सुरू झालं आणि आमच्या आतेभावाने लगेच ठरवलं की आई-वडिलांच्या लग्नाच्या तिसाव्या वाढदिवसाला त्यांना विमानाने गोव्याला न्यायचं. हा पठ्ठ्या हिंजवडीत नोकरी करतो. कंपनीच्या कामासाठी वर्षभर बेंगळुरू-हैदराबादला फिरताना एकाच साखळीच्या हॉटेलांत राहिला आणि त्या साखळीच्या अ‍ॅपवर त्याच्या नावापुढे सोनेरी बिल्ला आला. बिल्ल्याखाली फायद्यांची यादी होती. जादा पॉइंट्स, उशिरा चेक-आउट, आणि तिसऱ्या ओळीत ‘रूम अपग्रेड’. त्या ओळीच्या शेवटी एक बारीक चांदणी होती. ती त्याने पाहिली नाही. तुम्ही-आम्हीही पाहिली नसती.

घरी सांगून झालं, “बुकिंग साध्या खोलीचं केलंय, पण मिळणार समुद्र दिसणारी.” आत्याने ते शेजारीपाजारी सांगितलं. डिसेंबरात गोव्याला पोहोचल्यावर रिसेप्शनवरचा मुलगा हसून म्हणाला, “सर, तुम्हाला आम्ही ऑलरेडी अपग्रेड केलंय.” म्हणजे काय, तर दुसऱ्या मजल्याऐवजी चौथा मजला. खोली तीच, पलंग तोच, खिडकीतून पार्किंग. भाऊ वीस मिनिटं वाद घालत होता. मामा लॉबीतल्या सोफ्यावर बॅग पायाशी घेऊन बसले होते आणि दर दोन मिनिटांनी म्हणत होते, “राहू दे रे, झोपायचंच तर आहे.”

हॉटेल खोटं बोललं का? मी नंतर त्या प्रोग्रॅमच्या अटी काढून वाचल्या. नाही, हॉटेल अक्षरशः खरं बोललं. वरचा मजला, कोपऱ्यातली खोली, बरा व्ह्यू, यातलं काहीही ‘अपग्रेड’ मानलं जाऊ शकतं असं तिथे लिहिलेलं होतं, आणि तेसुद्धा ‘चेक-इनच्या वेळी उपलब्धतेनुसार’. हे फक्त त्या एका साखळीचं नाही. मॅरियट बॉनव्हॉयच्या गोल्ड सदस्यांसाठीच्या नियमातही चांगला व्ह्यू, वरचा मजला, कोपऱ्यातली खोली हेच प्रकार मोजलेले आहेत. सुइट मिळण्याची शक्यता सुरू होते ती त्याच्या वरच्या, वर्षाला ५० रात्रींच्या प्लॅटिनम पायरीपासून, आणि तिथेही ‘उपलब्ध असल्यास’.

आता ही ‘उपलब्धता’ ठरवतं कोण?

रेल्वेवाल्यांना विचारा

सोलापूरकरांना हे समजायला हॉटेलपेक्षा सिद्धेश्वर एक्सप्रेस जवळची आहे. स्लीपरचं तिकीट काढलं, चार्ट लागला आणि मेसेज आला की तुमचा बर्थ थर्ड एसीत, हा अनुभव तुम्हाला नसला तरी ओळखीतल्या कुणालातरी आला असणार. तिकीट काढताना ऑटो अपग्रेडच्या चौकटीवर टिक केलेली असते, त्याचा हा परिणाम. रेल्वेने ही योजना २००६ मध्ये आणली, पण प्रवाशाला खूश करणं हा तिचा मूळ हेतू नव्हता. वरच्या वर्गात बर्थ रिकामे जाताहेत आणि खालच्या वर्गात वेटिंग लिस्ट आहे, तर खालच्या काहींना वर सरकवायचं आणि रिकाम्या झालेल्या जागी वेटिंगवाल्यांना बसवायचं, असा तो हिशोब. ज्याला एसी मिळाला तो भाग्यवान, पण रेल्वेच्या दृष्टीने खरं काम झालं ते वेटिंगवाल्याचं.

हॉटेलचं गणित जवळपास हेच आहे. सगळ्यात स्वस्त खोल्यांना मागणी जास्त, म्हणून हॉटेलं त्या प्रकारात आहेत त्यापेक्षा थोड्या जास्त खोल्या मुद्दाम विकतात. काहीजण रद्द करतात, काहीजण येतच नाहीत, हे त्यांना अनुभवाने माहीत असतं. सगळेच आले तर कुणालातरी वरच्या प्रकारात ढकलावं लागतं, आणि त्या ‘कुणालातरी’त बिल्लेवाल्यांचा नंबर आधी लागतो. म्हणजे अपग्रेड हा बऱ्याचदा त्या दिवशीच्या खोल्या जुळवताना उरलेला तुकडा असतो. तो मिळाला की आपल्याला वाटतं, आपल्या निष्ठेची कदर झाली.

फरक एकच, पण मोठा. रेल्वेत हे सगळं मशीन करतं, टीसीशी हुज्जत घालून उपयोग नसतो आणि आपण घालतही नाही. वरचा बर्थ मिळाला तर आनंद, नाही मिळाला तर स्लीपरची चादर पांघरून झोपतो. रेल्वे तिकिटावर सोनेरी बिल्ला छापत नाही, म्हणून अपेक्षाही तयार होत नाही. हॉटेलचं अ‍ॅप मात्र ती अपेक्षा आधी तयार करतं आणि ती मोडण्याचं काम रिसेप्शनवरच्या बावीस-तेवीस वर्षांच्या पोरावर सोपवतं.

पडद्यामागचं सॉफ्टवेअर

प्रत्येक बऱ्या हॉटेलात खोल्यांचा हिशोब ठेवणारं सॉफ्टवेअर असतं. मोठ्या साखळ्यांत बऱ्याच ठिकाणी ओरॅकलचं ‘ऑपेरा’ दिसतं. आपल्याकडच्या मध्यम हॉटेलांत बेंगळुरूच्या आयडीएस नेक्स्टचं किंवा सुरतेत सुरू झालेल्या ईझीचं. सकाळी फ्रंट ऑफिसवाले त्यात ‘आज येणारे’ अशी यादी उघडतात. प्रत्येक नावापुढे बुकिंग कुठून आलं, भाडं किती, किती रात्री, सदस्य असेल तर कोणती पायरी हे दिसतं. खोल्या तिथेच नावावर लावल्या जातात, तुम्ही टॅक्सीत बसायच्याही आधी.

इथे काही गोष्टी तुमच्या विरुद्ध जातात आणि त्या अ‍ॅप कधी सांगत नाही. चार रात्रींचं बुकिंग असेल तर मोठी खोली चारही रात्री मोकळी असायला हवी, म्हणून एका रात्रीच्या पाहुण्याला अपग्रेड देणं हॉटेलला सोपं जातं. तुम्ही सुट्टीला जाता तेव्हा बाकी जगही सुट्टीवर असतं, म्हणून कामाच्या मंगळवारी हैदराबादला मिळालेला सुइट डिसेंबरच्या गोव्यात मिळत नाही. माझ्या भावाची चूक (चूक म्हणायची तर) हीच झाली. त्याने मंगळवारच्या अनुभवावरून शनिवारचा अंदाज बांधला.

आणि तिसरी गोष्ट, जी गेल्या काही वर्षांत बदलली. पूर्वी रिकामी राहिलेली चांगली खोली फुकट देण्यात हॉटेलचं फारसं काही जात नव्हतं. आता ती शेवटच्या क्षणापर्यंत विकायचा प्रयत्न होतो. चेक-इनच्या आधी “फक्त इतके रुपये भरा आणि समुद्र पाहा” असा ईमेल किंवा नोटिफिकेशन येतं ना, ते लिहिणारा माणूस नसतो. कुणाला कोणत्या किमतीला कोणती खोली दाखवायची हे सुचवणारं वेगळं सॉफ्टवेअर असतं. असलं सॉफ्टवेअर बनवणारी नॉर-वन नावाची कंपनी ओरॅकलने २०२० मध्ये विकत घेतली, यावरून या धंद्यात किती पैसा दिसतोय ते कळतं. जी खोली पैसे देऊन घ्यायला कुणीतरी तयार आहे, ती बिल्लेवाल्याला फुकट का द्यायची? अटींत लिहिलेली ‘उपलब्धता’ म्हणजे आता ‘विकली न गेल्यास’.

सोनं स्वस्त होतंय

जानेवारी २०२६ पासून हिल्टनने आपल्या ऑनर्स प्रोग्रॅमचे नियम बदलले. गोल्ड होण्यासाठी वर्षाला ४० रात्री लागायच्या, आता २५. डायमंडसाठी ६० होत्या, आता ५०. पहिल्या नजरेत बातमी मस्त आहे, आणि सोशल मीडियावर ती तशीच फिरली. पण त्याच घोषणेत वर एक नवी पायरी आली, डायमंड रिझर्व्ह. त्यासाठी वर्षाला ८० रात्री किंवा ४० मुक्काम, शिवाय १८ हजार डॉलरचा खर्च, म्हणजे साधारण १६ लाख रुपये. आणि बुकिंग करतानाच पक्कं करता येणारं अपग्रेड मिळतं ते या वरच्या पायरीला.

याचा अर्थ साधा आहे. गोल्डवाले वाढणार, हॉटेलातल्या चांगल्या खोल्या तेवढ्याच राहणार. गावात सगळ्यांनाच पुढच्या रांगेचे पास वाटले तर पुढची रांग लांब होत नाही, फक्त पासची किंमत उतरते.

आकडेच बघायचे तर २०२४ संपताना मॅरियट बॉनव्हॉयचे जगभरात सुमारे २२.८ कोटी सदस्य होते आणि कंपनीच्या खोल्या १७ लाखांच्या आसपास. एका खोलीमागे १३० हून जास्त सदस्य. अर्थात यातले बहुतेक माझ्या-तुमच्यासारखे एकदा अ‍ॅप डाउनलोड करून विसरलेले आणि बिल्ला नसलेले, त्यामुळे हे प्रमाण जसंच्या तसं घेऊ नका. पण अ‍ॅपची भाषा प्रत्येकाशी तो एकटाच खास पाहुणा असल्यासारखी बोलते, हे लक्षात ठेवा.

क्रेडिट कार्डाची गंमत त्याहून वेगळी. ऑगस्ट २०२३ मध्ये एचडीएफसी बँकेने मॅरियट बॉनव्हॉयचं कार्ड आणलं, वार्षिक फी ३,००० रुपये आणि वर जीएसटी. त्यासोबत सिल्व्हर एलिट दर्जा मिळतो. रील्समध्ये हे ‘कार्ड घ्या, हॉटेलात एलिट व्हा’ असं सांगितलं जातं. पण मॅरियटच्या यादीत सिल्व्हरला रूम अपग्रेड नाहीच. थोडे जादा पॉइंट्स आणि जमल्यास उशिरा चेक-आउट, बास. अपग्रेडचा शब्द सुरू होतो गोल्डपासून, तिथे २५ रात्री लागतात. कार्डासोबत १० रात्री जमा धरल्या जातात, उरलेल्या १५ तुम्हाला झोपून काढायच्या. कार्ड वाईट आहे असं मी म्हणत नाही. ज्याला त्यासोबतची मोफत रात्र नीट वापरता येते त्याला ते परवडतं. पण अपग्रेडसाठी ते घेत असाल तर तुम्ही जे विकत घेताय ते त्या पाकिटात नाहीये.

बुकिंग कुठून केलं, यावर सगळं अडतं

हॉटेलात राहणारे आपल्यातले बहुतेकजण साखळीचं अ‍ॅप उघडतच नाहीत. मेकमायट्रिप, गोआयबीबो, बुकिंग डॉट कॉम, जिथे पाचशे रुपये कमी तिथे बुकिंग. त्यात गैर काही नाही. फक्त एवढं माहीत असू द्या की बहुतेक मोठ्या साखळ्या अशा बाहेरून आलेल्या बुकिंगवर रात्री मोजत नाहीत, पॉइंट्स देत नाहीत, आणि बिल्ल्याचे फायदे द्यायला बांधील नसतात. हातात गोल्ड बिल्ला आणि बुकिंग दुसऱ्या अ‍ॅपचं, असं असेल तर रिसेप्शनवर भांडायला कागदावर काहीच नसतं.

या बुकिंग अ‍ॅपांचे स्वतःचे प्रोग्रॅम असतात, ते वेगळे. बुकिंग डॉट कॉमचं ‘जीनियस’ घ्या. खातं उघडलं की पहिली लेव्हल, दोन वर्षांत ५ मुक्काम केले की दुसरी, १५ केले की तिसरी. दुसरीपासून ‘मोफत रूम अपग्रेड’ दिसायला लागतं, पण निवडक हॉटेलांतच. कोणती? ज्या हॉटेलमालकाने स्वतः ते द्यायचं कबूल केलंय ती. सवलतही हॉटेलच आपल्या खिशातून देतं, वर अ‍ॅपला कमिशन देतं. त्या बदल्यात यादीत वर दिसायला मिळतं.

सोलापुरात याचा अर्थ काय होतो ते बघा. शहरात बालाजी सरोवर प्रीमियरसारखं साखळीतलं हॉटेल आहे, पण जास्तीत जास्त मुक्काम स्टेशन आणि एसटी स्टँडच्या आसपासच्या लॉजवर आणि मध्यम हॉटेलांत होतात. मालक काउंटरवर बसलेला, खोल्या वीस-तीस. तिथे तुमची जीनियस लेव्हल त्याच्या मोबाइलवर येते, पण जानेवारीत गड्ड्याची यात्रा असेल, आषाढीला पंढरपूरची गर्दी इकडे सरकली असेल, किंवा सुट्ट्यांत अक्कलकोट-तुळजापूर करणारे लोक सोलापुरात उतरले असतील, तर देणार काय? खोलीच नाही.

मजा अशी की याच लॉजवर अपग्रेड वर्षानुवर्षे चालत आलंय, अ‍ॅपशिवाय. चादर-टॉवेलच्या किंवा युनिफॉर्मच्या खरेदीला दर दोन महिन्यांनी येणारा बाहेरगावचा व्यापारी असतो. त्याला मालक न विचारता रस्त्याच्या आवाजापासून लांबची, मागची खोली देतो. त्याने बुकिंगही केलेलं नसतं, फक्त आदल्या दिवशी फोन केलेला असतो. तो व्यापारी परत येणार हे मालकाला माहीत असतं आणि मालक आपल्याला ओळखतो हे व्यापाऱ्याला. अ‍ॅप याच गोष्टीची नक्कल करतं, पण कोट्यवधी लोकांशी एकाच वेळी ओळख ठेवता येत नाही, म्हणून बिल्ले लागतात.

आणि ओळख म्हटली की डेटा आलाच. कुठे राहिलात, कुणासोबत, किती दिवस, काय खाल्लंत, हे सगळं त्या प्रोफाइलमध्ये जमा होतं. मॅरियटने २०१८ मध्ये जाहीर केलं होतं की त्यांच्या ताब्यात आलेल्या स्टारवुडच्या बुकिंग डेटाबेसमध्ये घुसखोरी झाली. सुरुवातीचा अंदाज ५० कोटी पाहुण्यांपर्यंतचा होता, नंतर तो कमी केला गेला. काहींचे पासपोर्ट नंबरही त्यात होते. लॉयल्टी प्रोग्रॅम ‘फ्री’ आहे असं म्हणताना हे बाजूला टाकता येत नाही.

७,५०० ची रेघ

आता गोव्यात पुढे काय झालं ते सांगतो, कारण तुम्हाला पैशात झळ बसेल अशी गोष्ट हीच आहे.

वाद संपल्यावर रिसेप्शनवरच्या मुलाने पर्याय दिला की रात्रीला फक्त १,५०० रुपये जास्त भरा, समुद्राकडची खोली देतो. भावाने आत्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि हो म्हटलं. मूळ भाडं रात्रीला ६,८०० होतं. दोन रात्री, म्हणजे ३,००० जास्त, असा त्याचा हिशोब. बिल आलं तेव्हा फरक निघाला ५,३०८ रुपयांचा.

फसवणूक? नाही, जीएसटी. २२ सप्टेंबर २०२५ पासून रात्रीला ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर ५ टक्के कर आहे, त्याच्या वर गेलं की १८ टक्के. आणि हा कर प्रत्यक्ष आकारलेल्या भाड्यावर लागतो, बोर्डावरच्या दरावर नाही. ६,८०० वर ५ टक्के धरून रात्रीचे ७,१४० होत होते. ८,३०० वर १८ टक्के धरून झाले ९,७९४. कर फक्त वाढीव १,५०० वर नाही, पूर्ण रकमेवर चढला. ‘फक्त १,५००’ चे रात्रीला २,६५४ झाले.

रिसेप्शनवर, व्हॉट्सअ‍ॅपवर किंवा अ‍ॅपवर अपग्रेडची किंमत दाखवली जाते तेव्हा ती करासह आहे की कराशिवाय, एवढा एकच प्रश्न विचारा. मूळ भाडं ६,५०० ते ७,५०० च्या पट्ट्यात असेल तर हमखास विचारा. हाच हिशोब उलटाही चालतो. खरोखर मोफत अपग्रेड मिळालं तर भाडं तेच राहतं, म्हणून कराचा दरही तोच.

भांडायचं कधी?

‘उपलब्धतेनुसार’ लिहिलेलं अपग्रेड नाही मिळालं तर तक्रार करून हाती काही लागणार नाही, आणि लागूही नये असं माझं मत आहे. अट वाचायला ठेवली होती. पण अ‍ॅपने ‘गॅरंटीड’ किंवा ‘कन्फर्म्ड’ असा शब्द वापरला असेल, किंवा अपग्रेडचे पैसे आधी घेऊन खोली जुनीच दिली असेल, तर गोष्ट वेगळी. केंद्र सरकारने ३० नोव्हेंबर २०२३ ला डार्क पॅटर्नविरोधी मार्गदर्शक तत्त्वं काढली आहेत. त्यात १३ प्रकार आहेत. एक दाखवून दुसरंच गळ्यात मारणं हा त्यातला एक, आणि किंमत शेवटपर्यंत टप्प्याटप्प्याने वाढवत नेणं हा आणखी एक. बुकिंग करतानाचा स्क्रीनशॉट असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर फोन करता येतो. स्क्रीनशॉट नसेल तर तुमचा शब्द विरुद्ध त्यांचा सर्व्हर.

आणि चांगली खोली खरंच हवी असेल, आई-वडिलांसोबत, एकदाच, ठरावीक तारखेला, तर ती सरळ विकत घ्या. पहिल्याच दिवशी, अ‍ॅपवर त्या प्रकारच्या खोलीच्या नावाने. हातात पक्कं करता येणारं अपग्रेड व्हाउचर असेल तर ते अशा वेळी वापरा. हयातच्या प्रोग्रॅममध्ये सुइटचं व्हाउचर बुकिंगच्या वेळीच पक्कं होऊ शकतं, काही इतर प्रोग्रॅममध्ये मात्र मुक्काम काही दिवसांवर आल्यावरच उत्तर मिळतं. बिल्ल्याच्या भरवशावर राहायचं ते ऑफिसच्या मंगळवारी. संध्याकाळी उशिरा पोहोचा, एक रात्र असेल तर शांतपणे विचारा की आज काही चांगलं मोकळं आहे का. तेव्हा खोल्यांचं चित्र स्पष्ट झालेलं असतं आणि रिसेप्शनवरच्या माणसाच्या हातात थोडं काहीतरी असतं.

आमच्या भावाचा बिल्ला अजून आहे. गेल्या महिन्यात हैदराबादला एका रात्रीसाठी गेला होता, मीटिंग आटपून साडेनऊला हॉटेलात पोहोचला, आणि न मागता त्याला सुइट मिळाला. दोन बाथरूम, सोफा, फळांची टोपली. रात्री अकराला त्याने आत्याला व्हिडिओ कॉल लावला आणि सगळ्या खोल्या फिरवून दाखवल्या. आत्या म्हणाली, “एकट्याला एवढं काय करायचंय बे?”